फिलिप ग्लास : आवर्तन आणि बेरीज



अभिजात संगीत म्हटले की महाराष्ट्रातील श्रोत्याच्या मनात राग, ताल आणि ते मांडणारा गायक किंवा वादक उभा राहतो. संगीतकार हा त्याला मुख्यतः चित्रपटाच्या आणि नाटकाच्या संदर्भात परिचित असतो. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत मात्र मध्यवर्ती स्थान रचनाकाराचे आहे. तो संपूर्ण कृती स्वरलिपीत लिहून ठेवतो, वादक ती कागदावरून वाजवतात आणि रचनाकाराच्या पश्चातही ती कृती पुन्हा पुन्हा उभी करता येते. ही परंपरा बाख आणि बेटोव्हन यांच्यापाशी थांबलेली नाही. आपल्या काळातील रचनाकार तिच्यात जी भर घालत आले आहेत तिला समकालीन अभिजात संगीत म्हणतात, आणि त्या क्षेत्रात गेल्या अर्धशतकात ज्यांचे संगीत मैफलीच्या सभागृहाबाहेरही दूरवर पोहोचले, अशा मोजक्यांत अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास यांची गणना होते. विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांचा विचार करण्यास एक विशेष कारण आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर, पदवी हाती असताना आणि रचना प्रसिद्ध होऊ लागल्या असताना, पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकण्याची तयारी त्यांनी दोनदा दाखवली, आणि त्या दोन शिक्षणांपैकी एक भारतीय तालाचे होते.

ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. आई ग्रंथपाल होती आणि वडिलांचे रेडिओ व ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. ज्या तबकड्या विकल्या जात नसत त्या वडील घरी आणून ऐकत, कारण त्या का खपत नाहीत हे त्यांना समजून घ्यायचे असे; अशा न खपलेल्या तबकड्यांतूनच आधुनिक रचनाकारांचे संगीत त्या घरात शिरले आणि मुलाच्या कानावर पडले. वयाच्या १५व्या वर्षी शिकागो विद्यापीठात प्रवेश, तेथे गणित आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास, नंतर न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या विख्यात संगीतसंस्थेतील शिक्षणासाठी पैसे जमवावेत म्हणून पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवण्याचे काम, आणि १९६२ मध्ये जुलियार्डमधील पदव्युत्तर पदवी, असा हा प्रवास आहे. पुढची दोन वर्षे त्यांनी पिट्सबर्गच्या सार्वजनिक शाळांसाठी संगीत लिहिले.

यानंतर जे घडले ते कोणत्याही पदवीधराने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. १९६४ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ग्लास पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकण्यास गेले. एरन कोपलँड यांच्यासारखे अनेक अमेरिकन रचनाकार घडवणाऱ्या या शिक्षिकेने २७ वर्षांच्या या पदवीधर रचनाकारास काउंटरपॉइंटच्या अगदी प्राथमिक पाठापासून आरंभ करावयास लावले. काउंटरपॉइंट म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी अशा चालवणे की प्रत्येकीचे स्वतंत्र अस्तित्व टिकेल आणि त्या परस्परांना पूरकही ठरतील. त्याचे नियम शतकानुशतके घासूनपुसून निश्चित झालेले आहेत, आणि नवशिका विद्यार्थी ते एका स्वरासमोर एक स्वर लिहून शिकतो. ग्लास यांनी ते सारे पुन्हा केले, आणि पुढे आपल्या तंत्राच्या पक्केपणाचे श्रेय ते बूलांजे यांना मनःपूर्वक देत राहिले. या नियमांत एक प्रसिद्ध निषेध आहे: दोन स्वरावलींनी परस्परांत सतत पंचमाचे अंतर, म्हणजे आपल्या परिभाषेत सा आणि प यांच्यातील अंतर, राखून समांतर चालू नये, कारण तसे केल्यास दोन्हींचे स्वतंत्र अस्तित्व विरून जाते. १९६९ मध्ये ग्लास यांनी ‘म्युझिक इन फिफ्थ्स’ ही रचना लिहिली, जी आरंभापासून अखेरपर्यंत समांतर पंचमांतच चालते. बाईंनी जे कटाक्षाने टाळावयास शिकवले तेच त्यात जाणीवपूर्वक केलेले आहे, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती रचना गुरूला वाहिलेली प्रेमळ आदरांजली आहे. नियम ज्याने अंगी मुरवला आहे त्यालाच तो अशा रीतीने मोडता येतो.

दुसरे शिक्षण याच काळात, जवळजवळ योगायोगाने, पदरी पडले. पॅरिसमध्ये ‘चापाक्वा’ या चित्रपटाचे संगीत पंडित रविशंकर करत होते. फ्रेंच वादकांना ते वाजवता यावे म्हणून पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून देणाऱ्या सहायकाची त्यांना गरज होती, आणि ते काम ग्लास यांच्याकडे आले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते; पंजाब घराण्याचे हे तबलानवाज, उस्ताद झाकीर हुसेन यांचे वडील, मुंबईत राहणारे आणि हिंदी चित्रपटांना संगीत दिलेले. ग्लास स्वर लिहीत आणि पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ ओढून मोजणीचे खंड पाडत. या रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक सवयीने वजन देतो, त्यामुळे वाजवलेला तुकडा मूळ तुकड्याहून वेगळा ऐकू येई, आणि अल्लारखा पुन्हा पुन्हा सांगत की सर्व स्वर सारखे आहेत. रेघा इकडून तिकडे सरकवून काही साधेना, तेव्हा हताश होऊन ग्लास यांनी त्या पुसूनच टाकल्या. आणि त्या पुसल्यावर कागदावर जे उरले तो लयीचा अखंड प्रवाह होता, ज्यात दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे लहान गट जोडले जाऊन मोठे आवर्तन तयार होत होते. पुढे भारताचा प्रवास करून ते १९६७ मध्ये न्यूयॉर्कला परतले आणि तेथे त्यांनी अल्लारखांकडून तबल्याचे धडेही घेतले.

या अनुभवातून जे तंत्र निघाले त्याला बेरजेची प्रक्रिया म्हणता येईल. पाश्चात्त्य संगीतात सामान्यतः काळाचा मोठा खंड घेऊन तो भागला जातो. चार मात्रांचा एक खंड, त्यातील एका मात्रेचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा दोन. ग्लास यांनी उलट दिशा धरली. चार-पाच स्वरांची एक छोटी ओळ घ्यावयाची, ती काही वेळा जशीच्या तशी वाजवावयाची, मग तिला एक स्वर किंवा तिचाच एक तुकडा जोडावयाचा, ती वाढलेली ओळ पुन्हा काही वेळा वाजवावयाची, आणि असे वाढवत किंवा घटवत जावयाचे. याला जोड म्हणून वेगवेगळ्या लांबीची आवर्तने एकाच वेळी चालवण्याचे तत्त्व येते: तीन मात्रांचे एक आवर्तन आणि चार मात्रांचे दुसरे एकत्र सुरू झाले तर १२ मात्रांनंतर दोन्ही पुन्हा एका ठिकाणी येतात. ज्या विद्यार्थ्याने तिहाई हातावर मोजून समेवर आणली आहे त्याला या हिशेबाची गोडी वेगळी सांगावी लागत नाही. अशा संगीतास समीक्षकांनी मिनिमलिझम, म्हणजे मोजक्या सामग्रीत बांधलेली रचनापद्धती, असे नाव दिले. स्वतः ग्लास यांना ते कधीच आवडले नाही, आणि पुनरावृत्तीच्या बांधणीचे संगीत हे वर्णन त्यांना अधिक योग्य वाटत आले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावयास हवी. ग्लास यांनी भारतीय तालाचे सर्वस्व घेतले असे मानणे बरोबर होणार नाही. हिंदुस्थानी तालात सर्व मात्रा मोजणीस सारख्या असल्या तरी सम आणि खाली यांचे स्थान सारखे नसते. त्रितालाच्या १६ मात्रांत समेकडे येण्याची ओढ हाच श्रोत्याच्या आनंदाचा गाभा आहे, आणि त्या चौकटीत कलाकार ऐन वेळी जे सुचेल ते मांडतो. ग्लास यांच्या सुरुवातीच्या रचनांत ही ओढ जवळजवळ नाही, उपज तर नाहीच. त्यांनी एक तत्त्व उचलले आणि ते आपल्या परंपरेच्या लिखित शिस्तीत इतके दूर नेले की त्यातून भारतीयही नसलेले आणि पूर्वीचे युरोपीयही नसलेले काही तयार झाले. त्यांच्या संगीताचे उगमस्थान केवळ भारत आहे, असा अभिमानाचा दावा आपल्याकडे कोणी केला तर तो त्यांच्यावर आणि बूलांजे यांच्यावर अन्याय करणारा ठरेल. आणि अल्लारखांच्या त्या आग्रहाविना हे संगीत असे झाले नसते, हेही तितकेच खरे आहे.

न्यूयॉर्कमध्ये हे संगीत वाजवावयास प्रस्थापित वाद्यवृंद तयार नव्हते, म्हणून १९६८ मध्ये ग्लास यांनी इलेक्ट्रिक ऑर्गन, सुषिर वाद्ये आणि ध्वनिवर्धक यांचा स्वतःचा वाद्यसमूह उभारला आणि चित्रकार-शिल्पकारांच्या माडीवजा कार्यशाळांत व कलादालनांत कार्यक्रम केले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी सामानाची ने-आण केली, नळजोडणीची कामे केली, टॅक्सी चालवली. ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराचा पहिला प्रयोग जुलै १९७६ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यो महोत्सवात झाला आणि नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या रंगमंचावर आला. ऑपेरा म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन सादर केलेले नाट्य. आपल्या संगीत नाटकात गद्य संवादांच्या मध्ये पदे येतात, तर ऑपेरात बहुधा संवादही गायले जातात. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्यासह रचलेल्या या सुमारे पाच तासांच्या कृतीत मात्र कथानकच नव्हते, मध्यंतर नव्हते, आणि गायकवृंद बराच वेळ नुसते आकडे आणि पाश्चात्त्य सरगम गात असे. नाट्यगृह भरले, चर्चा झाली, आणि निर्मितीचे मोठे कर्ज शिल्लक राहिले. इतक्या गाजलेल्या प्रयोगानंतर त्याचा रचनाकार पुन्हा टॅक्सी चालवावयास गेला. संगीतावर पोट भरू लागले तेव्हा त्यांचे वय ४१ होते.

त्यास कारण ठरले नेदरलँड्समधून आलेले नव्या ऑपेराचे काम, आणि त्यातून ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅम येथे ‘सत्याग्रह’ रंगभूमीवर आला. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्षांवर आधारलेल्या या कृतीचे तीन अंक आहेत, आणि प्रत्येक अंकावर एका विभूतीची मूक साक्ष आहे: भूतकाळातून टॉलस्टॉय, समकालातून रवींद्रनाथ टागोर, भविष्यातून मार्टिन लूथर किंग. प्रसंग काळाच्या क्रमाने येत नाहीत. कुरुक्षेत्रानंतर १९१० चे टॉलस्टॉय फार्म येते, मग १९०६ ची प्रतिज्ञा, आणि शेवटी १९१३ चा न्यूकॅसलचा मोर्चा. सर्व शब्द भगवद्गीतेतील आहेत आणि ते संस्कृतातच गायले जातात. कॉन्स्टन्स डी याँग यांनी निवडलेले श्लोक रंगमंचावर घडणाऱ्या प्रसंगाचे वर्णन करत नाहीत, तर त्या प्रसंगामागचा विचार समांतर चालू ठेवतात. वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी सुषिर वाद्ये आणि ऑर्गन एवढेच आहे; पितळी वाद्ये आणि तालवाद्ये पूर्णपणे वगळली आहेत. ज्याची लयीची दृष्टी तबल्याने घडवली त्याने गांधीजींवरील ऑपेरात एकही तालवाद्य ठेवू नये, हे विचार करण्याजोगे आहे. लय तेथे तंतुवाद्यांच्या अखंड फिरणाऱ्या आकृतींतच सामावलेली आहे.

मराठी श्रोत्यासाठी ही कृती वेगळीच परीक्षा घेते. रॉटरडॅमच्या प्रेक्षकास एकही शब्द कळणार नाही हे गृहीत धरूनच ती रचलेली होती. परंतु ज्याने शाळेत गीतेचा १५वा अध्याय पाठ केला आहे त्याच्या कानावर ओळखीचे शब्द अशा दीर्घ, ताणलेल्या उच्चारांत येतात की ओळख पटता पटता निसटते, आणि अनुष्टुभाची सवयीची चाल बाजूस ठेवूनच ते ऐकावे लागतात. अखेरच्या गीतात गांधीजी चौथ्या अध्यायातील श्लोक गातात, आणि त्याची चाल म्हणजे आठ स्वरांचा एक साधा आरोह, जो सुमारे ३० वेळा पुन्हा पुन्हा चढतो. ही स्वरपंक्ती पाश्चात्त्य परिभाषेत फ्रिजियन म्हणून ओळखली जाते. आपल्या परिभाषेत रे, ग, ध आणि नी कोमल असलेला तो भैरवी थाट होय. राग भैरवीचे चलन तेथे नाही, आणि ते शोधूही नये. परंतु मैफलीची सांगता भैरवीने ऐकत आलेल्या श्रोत्यास ते स्वर त्या जागी ऐकू यावेत, ही त्या कृतीची त्याला मिळालेली खास देणगी आहे. खालून तोच आरोह येत राहतो, त्याच्या सोबतीचे स्वरमेळ मात्र बदलत राहतात, आणि म्हणून ३०व्या वेळी तो पहिल्यासारखा लागत नाही.

पुढील काम विपुल आहे आणि सारख्या तोलाचे नाही. प्राचीन इजिप्तच्या राजावरील ‘अखनातेन’ हा ऑपेरा १९८४ मध्ये श्टुटगार्ट येथे झाला. तेथील मोठे नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे वादकांना जागा कमी होती, म्हणून ग्लास यांनी व्हायोलिने काढूनच टाकली आणि त्या अडचणीतून त्या कृतीचा गडद, जड नाद जन्मास आला. ‘कोयानिस्कात्सी’पासून ‘द अवर्स’पर्यंत अनेक चित्रपटांचे संगीत, डझनाहून अधिक सिंफनी, आणि १९९० चे रविशंकर यांच्यासह केलेले ‘पॅसेजेस’, ज्यात दोघांनी परस्परांच्या सुरावटींवर रचना केल्या, हे सारे या यादीत येते. एवढ्या लेखनात काही ठिकाणी तंत्र सवयीवर चालते, ही समीक्षकांची तक्रार निराधार नाही.

विद्यार्थ्यांनी ऐकण्यास आरंभ करावयाचा असेल तर पियानोसाठी लिहिलेल्या २० एट्यूड, म्हणजे अभ्यासरचना, सर्वांत सोयीच्या आहेत. वयाच्या पन्नाशीनंतर स्वतःचा पियानोचा हात सुधारावा, या उघड हेतूने ग्लास यांनी त्या लिहावयास घेतल्या. पहिल्या १० रचना त्यांच्या स्वतःच्या बोटांच्या उणिवा डोळ्यांसमोर ठेवून झालेल्या आहेत, तर २०१२ पर्यंत पूर्ण झालेल्या उरलेल्या १० रचनांत त्यांनी आपल्या हातांचा विचार सोडून संगीताला जिकडे जायचे होते तिकडे जाऊ दिले. आज त्यांच्यापेक्षा पुष्कळ तयारीचे पियानोवादक त्या सर्व २० रचना मैफलीत वाजवतात.