वाचता येते, पण उमगते का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही भाषेचे पंडित नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, दिवसभर कन्नड फायली वाचतो आणि संध्याकाळी घरी आलो की मराठीत बोलतो. आपल्या हुबळी-धारवाडच्या बहुतेक मराठी घरांत हीच तऱ्हा आहे. शाळा कन्नड माध्यमाची, देवनागरी अक्षरे हिंदीच्या तासाला शिकलेली आणि मराठी आईच्या तोंडून आलेली. त्यामुळे "मराठी वाचता येते का?" असे कोणी विचारले की आम्ही बेधडक "हो" म्हणत असू. ते "हो" आम्हाला एकदा महाग पडले. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. गडहिंग्लजहून थोरल्या काकांचे पत्र आले. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा विषय होता. काकांनी लिहिले होते, "जमिनीचे काम व्हायला अवकाश आहे. बाकी भेटीत बोलू." आम्ही ते मनातल्या मनात वाचले आणि आईला आमच्या शब्दांत सांगितले, "काम होण्याची संधी आहे म्हणतात काका." कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी, हे आपण सगळे जाणतो. त्या भरवशावर आम्ही एका प्लॉटला इसार देऊन बसलो. पैसे आले नाहीत, इसार बुडाला. वर फोनवर काकांना नको ते बोललो. दोन वर्षे जाणे-येणे बंद पडले.

पुढे कपाट आवरताना ते पत्र सापडले. आईची नजर अधू झाली होती, म्हणून मोठ्याने वाचून दाखवले. त्या वाक्यापाशी येताच ती म्हणाली, "अरे, भावजी म्हणतायत की अजून वेळ लागेल. अवकाश आहे म्हणजे घाई नाही." आम्ही खालीच बसलो. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजची एस.टी. धरली. काका तेव्हा हयात होते हे आमचे भाग्य. पाया पडलो, तर म्हणाले, "चूक माझीही आहे. पत्र टाकण्याऐवजी फोन करायला हवा होता."

तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न पडला. अक्षर न् अक्षर बरोबर वाचूनही आम्ही का चुकलो? आणि डोळ्यांनी एक ओळही न वाचता आईला कसे कळले?

याचे उत्तर शोधताना असे समजले की वाचन हे एक कसब नसून अनेक कसबांची मोळी आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली ते सोप्या रीतीने मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखणे हा एक भाग आणि ऐकलेली भाषा समजणे हा दुसरा. त्यांचे म्हणणे असे की या दोहोंची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. अक्षरे येतात पण शब्द माहीत नाहीत, तर समज नाही. भाषा येते पण अक्षरे येत नाहीत, तरीही कागद मुकाच.

आता आपल्याकडे पाहू. कन्नडमध्ये लिहिलेला 'अ' सहसा पूर्ण उच्चारतात. मराठीत 'घर' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळतो. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा, पण लिहायला एकच. कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे अक्षर खाली जाते, तर देवनागरीत पहिले अर्धे होते. कन्नड वाचनात मुरलेला माणूस मराठी पानावर म्हणूनच पावलोपावली अडखळतो. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. सगळी शक्ती अक्षरे लावण्यात गेली की अर्थासाठी काही उरत नाही. यावर उपाय एकच, रोज थोडे मोठ्याने वाचणे.

दुसरे कसब शब्दांचे. आपल्याला फसवतात ते अनोळखी शब्द नव्हेत, ते आपण निदान कोणाला विचारतो. फसवतात ते ओळखीचे चेहरे. 'अनुमान' म्हणजे मराठीत तर्क, कन्नडमध्ये संशय. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, कन्नडमध्ये खोडी. 'अवकाश' तर सांगितलेच.

तिसरे, विषयाची माहिती. अमेरिकेत १९८८ साली शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचे पान देऊन पाहा, हेच दिसेल. शेतीच्या वाटणीचे व्यवहार आईने जन्मभर पाहिले होते, आम्ही नव्हते.

चौथे कसब म्हणजे स्वतःला अडवून विचारणे, "मला हे खरेच कळले का?" हे आपण फार कमी करतो. आरतीचेच पाहा. नागाचे नाव घ्यायचे तिथे आपल्यातले कितीतरी जण लहानपणापासून लाकडी फळीला वंदन करत आले आहेत! बाप्पा सगळे सांभाळून घेतो, पण पत्र, खरेदीखत आणि औषधाची चिठ्ठी सांभाळून घेत नाहीत.

कोणी म्हणेल, आता या वयात काय शिकायचे? पोर्तुगालमध्ये जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. शब्दातला पहिला ध्वनी काढून उरलेले म्हणून दाखवा, असे त्यांनी निरक्षर प्रौढांना सांगितले. बहुतेकांना ते जमेना. पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या तशाच माणसांना ते पुष्कळ जमले. म्हणजे हे कसब वयाने येत नाही, शिकण्याने येते, आणि मोठेपणीही येते.

आपल्या गावाला तर दोन भाषांचे वरदान आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण कन्नड कवितेला त्यांनी ज्ञानपीठ मिळवून दिले. जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा श्रीमंत करून गेले. एक भाषा जवळ केली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा मुलांना कन्नड कशाला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कन्नड आमची भाकरी आहे. पण मराठी आता आपल्या घरांत फक्त कानावर उरली आहे. आजी गेली की तो कानही मिटेल, आणि तिची पत्रे, वह्या, पोथ्या नातवंडांना नुसती चित्रे वाटतील.

म्हणून एक साधी सूचना. आठवड्यातून एक दिवस जेवणानंतर घरातल्या मुलाने किंवा सुनेने एक मराठी पान मोठ्याने वाचावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकावे. मग वाचणाऱ्याने पुस्तक मिटून काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगावे. चुकले तर हसू नये, सांगावे. अक्षर तरुणांकडे आहे, अर्थ वडिलांकडे आहे. गुणाकाराच्या दोन्ही बाजू आपल्या एकाच घरात आहेत, फक्त एका ठिकाणी बसायला हव्यात.

आमच्या घरी हा क्रम सुरू आहे. पहिल्या दिवशी मुलीने काकांचे तेच पत्र वाचले. त्या वाक्यापाशी थांबून तिने आजीला विचारले, "अवकाश म्हणजे?" आम्ही तेव्हा एवढेच विचारले असते, तर दोन वर्षे वाया गेली नसती.

 गणपती बाप्पा मोरया!