अस्वलाचें अक्षर

छापील अक्षराला स्वभाव असतो असें म्हटलें तर पुष्कळांना ती अतिशयोक्ति वाटेल. अक्षर वाचतां आलें म्हणजे त्याचें काम संपलें, अशीच सामान्य समजूत आहे. परंतु लग्नपत्रिकेच्या वळणदार अक्षरांत जप्तीची नोटीस कोणी छापीत नाहीं, आणि सर्कशीच्या जाहिरातीचें गुबगुबीत अक्षर निधनवार्तेवर दिसलें तर वाचणारा दचकल्यावांचून राहणार नाहीं. अक्षरांना स्वभाव आहे हें आपण न बोलतां मान्य केलेलेंच आहे.

ठळक आणि खेळकर अक्षर ही पूर्वीं बहुधा हातानें काढण्याची वस्तु होती. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनीं ग्रंथांना देखणें रूप दिलें खरें. पण नाटकाच्या जाहिरातीला किंवा दुकानाच्या पाटीला लागे तो चित्रकाराचा अथवा रंगाऱ्याचा हात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं रेखाटलेलीं नाटकांचीं नांवें पाहूनच नाटकाची जात ओळखतां येई. मात्र असा हात त्या एका नांवापुरता चाले. दुसरा शब्द हवा तर पुन्हा तितकीच मेहनत. कोणताहि शब्द जुळवितां येईल असा संपूर्ण संच करावयाचा, आणि तरीहि हाताचा खेळकरपणा राखावयाचा, हें काम निराळें. तें संगणकाच्या युगांत मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें अंगावर घेतलें.

हें काम सोपें मात्र नाहीं. रोमन 'ओ'च्या पोटांत एकच पोकळी. तें अक्षर पाहिजे तितकें फुगवावें. देवनागरींत वर शिरोरेघ, तिच्याहि वर मात्रा, वेलांटी, रफार, खालीं उकार, मध्यें गांठी आणि काना. रेघ जाड करूं लागलें कीं पहिल्यानें आंतली पांढरी जागा बुजते. 'क्ष', 'द्ध', 'ष्ठ' यांचे तर काळे गोळेच होतात. डोळा अक्षर ओळखतो तो काळ्या रेघेइतकाच आंतल्या पांढऱ्या जागेवरून, हें अशा वेळीं कळतें.

सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांच्या 'मोदक' या संचांत हा पेंच मोठ्या युक्तीनें सोडविला आहे. रेघा इतक्या फुगविल्या कीं त्या एकमेकींना भिडल्या, आणि त्यांच्यामध्यें केसाएवढी पांढरी फट तेवढी राखली. उकडीच्या मोदकाच्या कळ्यांमधील चिरांची आठवण व्हावी, अशा त्या फटी. सारें वाचन त्यांच्याच आधारावर. म्हणून मोदक पाटीवर शोभतो. औषधाच्या बाटलीवरील बारीक सूचनेला तो वापरला तर फटी शाईनें भरतील आणि रोग्याला मात्रा कळणार नाहीं.

दुसरा संच 'बालू'. किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधील अस्वलाचेंहि नांव हेंच. अंगानें भरदार, वळणानें मऊ, असें हें अक्षर २०१६ च्या सुमारास नऊ भारतीय लिपींत निघालें. प्रत्येक लिपीच्या बालूला त्या त्या भाषेंतील भावाचें नांव दिलें आहे. गुजराती तो भाई, बंगाली दा, गुरुमुखी पाजी, मल्याळी चेट्टन, तमिळ तंबी, तेलुगु तम्मुडु. पुढें उर्दूचा भाईजानहि आला. देवनागरी मात्र नुसता बालू. आपला 'दादा' कसा सुटला कोण जाणे!

ही केवळ गंमत नव्हे, हें अहेरीसारख्या गांवीं विशेष पटतें. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण, भोंवतालीं अरण्य. बाजारांत मराठी, तेलुगु आणि गोंडी या तिन्ही भाषा कानीं पडतात. अशा ठिकाणीं पाटीवर मराठी ठसठशीत आणि तेलुगु किरटी असली, तर एक भाषा यजमान व दुसरी आश्रित असा भास होतो. तेलुगु गोलाकार, तिला शिरोरेघ नाहीं. तेव्हां मराठीच्याच मापानें ती जाड करून भागत नाहीं. प्रत्येक लिपीची मोडणी राखून सर्वांचा काळेपणा सारखा आणणें, ही बालूची खरी कमाई होय. शिवाय परवाना खुला. लहान छापखान्यालाहि दमडी पडत नाहीं.

वापरणाऱ्यानें मात्र थोडी परीक्षा करावी. 'शाळा', 'कल्लोळ', 'तऱ्हा' एवढे तीन शब्द कोणत्याहि संचांत जुळवून पाहावेत. मराठी 'ल' आणि 'श' यांचीं वळणें हिंदीहून निराळीं आहेत. फुकट मिळालें म्हणून हिंदी 'ल' शाळेच्या दारावर चढविणें बरें दिसत नाहीं. तसेंच जाड अक्षराच्या चार ओळी एकाखालीं एक रचूं नयेत. एक शब्द ओरडला तर ऐकूं येतो. सारेच ओरडले तर नुसता गलबला.

आतां गोंडीविषयीं. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं तयार केलेली लिपी आणि आदिलाबादकडील गुंजाळा गांवच्या हस्तलिखितांतील लिपी, या दोन्ही अनुक्रमें २०१७ व २०१८ सालीं युनिकोडांत दाखल झाल्या. जुळाऱ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर पेटींत घरें पडलीं. परंतु अहेरीच्या बाजारांत गोंडी बोलणारी बाई पाटी वाचते ती देवनागरी किंवा तेलुगु अक्षरांत; बालूच्या भावंडांत तिच्या लिपीचा भाऊ अजून जन्मलेला नाहीं.