आतड्यांतील जंतू आणि बाळाची प्रतिकारशक्ती
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



जंतू म्हटले की आपण नाक मुरडतो. वर्गात आम्ही शिक्षकच मुलांना सांगतो, जंतू म्हणजे रोग. पण हे अर्धेच खरे आहे. २०१६ च्या एका शास्त्रीय अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि जंतू असतात सुमारे ३८ लाख कोटी! त्यांतील बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो.

हे बिऱ्हाडकरू फुकट राहत नाहीत. भाकरीतील, डाळीतील, भाजीतील जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात. त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना 'उगाच भडकू नका' असा इशारा देतात. उलट बाजूने, आतड्याच्या भिंतीतील पेशी रोज एक प्रतिद्रव्य पाझरवतात. ते जंतूंना मर्यादेत ठेवते, अस्तरात घुसू देत नाही. प्रयोगशाळेत पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही प्रतिकारव्यवस्था अपुरीच राहते. जंतू नसतील तर पहारेकरी तयार होत नाहीत, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य जामखेडला आले. १९७१ मध्ये तेथील गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. हगवण आणि कुपोषण ही त्यांतली मोठी कारणे. आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पिण्याचे स्वच्छ पाणी, आईचे दूध, वेळच्या वेळी लसी आणि जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, हे त्या घरोघर सांगत. पुढे बालमृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आले आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायकांना आतड्यांतील जंतूंचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते; त्यातले बरेचसे नंतरच उमगले. पण त्यांचे काम नेमके त्याच ठिकाणी पोचत होते. वारंवार जुलाब झाले की आतड्याचे अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, प्रतिकारशक्ती खचते आणि पुन्हा जुलाब होतात. बांगलादेशातील संशोधकांना २०१४ मध्ये असे आढळले, की कुपोषित मुलाच्या पोटातील जंतूंचा समूह त्याच्या वयाच्या मानाने 'लहान' राहिलेला असतो. २०२१ मध्ये त्यांनीच हरभरा, सोयाबीन, भुईमूग आणि केळे यांचा आहार देऊन पाहिला. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा मुलांचे वजन त्याने अधिक चांगले वाढले. यातील कुठली वस्तू आपल्या बाजारात मिळत नाही?

तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस आपल्याकडील मुलांत परदेशातल्याइतकी लागू पडत नाही, हे वेल्लोरच्याच डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. आतड्याची अवस्था हे त्याचे एक कारण मानले जाते.

वाचकहो, माझी खरी तक्रार चिकाबद्दल आहे. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध 'जड' म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीत अजूनही काही घरांत दिसते. त्या चिकातच वर सांगितलेले प्रतिद्रव्य भरपूर असते. आईच्या दुधात तर काही शर्करा अशा आहेत, ज्या बाळाला पचतच नाहीत! त्या असतात बाळाच्या पोटातील हितकारक जंतूंसाठी. निसर्ग ज्यांच्यासाठी वेगळे ताट वाढतो, त्यांना आपण साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकाने मारून टाकतो. डॉक्टरांनी दिले तर ते जरूर घ्यावे, पूर्ण घ्यावे. पण शेजारच्या घरातले उरलेले औषध नको.

मेळावा संपल्यावर एका आजींनी विचारले, "मग तान्ह्या बाळाला ताक पाजू का?" नाही, आजी. सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर घरचे दही-ताक खुशाल द्यावे, पण त्यातील जंतू बहुधा पाहुण्यासारखे येतात आणि जातात; बिऱ्हाड करीत नाहीत. आणि जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे, अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि बाळ मलूल दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.