दुखावलेली मने



संस्थेचे काम पैशावाचून अडते असे आपण म्हणतो. परंतु आमच्या मते ते दुखावलेल्या मनांपायी अधिक अडते. वार्षिक सभेत हिशेबावर एखादा तिखट प्रश्न निघतो. एक कार्यकर्ता तेथल्या तेथे पावत्या पुढे ठेवतो, मुद्देसूद उत्तर देतो आणि शांतपणे घरी जातो. दुसऱ्याचा कंठ दाटून येतो. पुढील सभेस तो फिरकतच नाही. पहिल्यास आपण दगडाच्या काळजाचा ठरवितो, दुसऱ्यास हळवा. हे दोन्ही निवाडे चुकीचे आहेत.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विचारप्रधान आणि भावनाप्रधान असा स्वभावभेद मांडला. विचार खरे-खोटे पाहतो, भावना मोल ठरविते. म्हणून दोहोंस त्यांनी विवेकाच्याच बाजूस बसविले. अर्थात बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्येच कोठे तरी असतात, हे विसरून कोणावर शिक्का मारू नये.

विचारप्रधान मनुष्यास घाव लागतोच. तो 'असे का घडले?' या प्रश्नाआड त्यास झाकतो. १९९७ साली जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, करुण चित्रपट पाहताना ज्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, त्यांचे दुःख उणे झाले नाही. शरीरावरील ताण मात्र वाढला. भावनाप्रधान मनुष्य विचारतो, 'मी यांचा कोणीच नव्हे काय?' त्याचा धोका निराळा. तोच प्रसंग तो मनात घोळवीत बसतो. १९८९ साली कॅलिफोर्नियात भूकंप झाला, तेव्हा अशी घोळविण्याची सवय आधीपासून असलेल्या विद्यार्थ्यांत पुढे खिन्नता अधिक आढळली, असे सुसान नोलेन-होक्सेमा यांनी दाखविले.

मग उपाय कोणता? आपण नेमके उलटे करतो. आपणांस जे औषध लागू पडते, तेच दुसऱ्यास पाजतो. विचारप्रधान गृहस्थाचे चारचौघांत सांत्वन करू नये. त्यास अवधी द्यावा, आणि आपले चुकले असल्यास कारणासह स्पष्टपणे सांगावे. भावनाप्रधान गृहस्थापुढे आधी कागद ठेवू नयेत. त्याच्या घरी जावे, विचारपूस करावी, चहा घ्यावा. हिशेब दुसऱ्या दिवशी.

दुखावलेल्यांचेही काही कर्तव्य आहे. पहिल्याने एकदा तरी 'मला हे लागले' असे तोंडाने म्हणावे. दुसऱ्याने आपले गाऱ्हाणे दहा घरी न सांगता, ज्याने दुखविले त्यासच एकदा सांगावे आणि विषय मिटवावा.

बंधुभगिनींनो, निधी पुन्हा जमविता येतो; तुटलेला माणूस जोडणे कठीण. गेल्या काही वर्षांत आपल्या सभांतून कोण दिसेनासे झाले, त्यांची नावे प्रत्येकाने आज मनात आणावीत, आणि त्यांपैकी एकाच्या दारी या महिन्यात अवश्य जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.