पोटातली धग आणि रक्तातली साखर



पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. शरीराचे रक्षक तिथे धावून आलेले असतात. काटा निघाला, जखम भरली की सूज उतरते. ही सूज कामाची.

पण एक सूज दिसत नाही, दुखतही नाही. पोटात, आतड्यांभोवती चरबी साठते. तिच्या पेशी फुगल्या की तिथेही रक्षकपेशी गोळा होतात. इथे काढून टाकायला काटा नसतो. म्हणून राखेखालच्या विस्तवासारखी ही धग वर्षानुवर्षे राहते आणि तिच्यातली रसायने रक्तात उतरतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत असे एक रसायन 1993 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना सापडले.

जेवणानंतर रक्तातली साखर आत घ्या, हा निरोप इन्सुलिन पेशींना देते. ही रसायने त्या निरोपात अडथळा आणतात. इन्सुलिन दार ठोठावते, पेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवते. काही वर्षे निभते, तपासणीत साखर ठीक दिसते. ते दमले की साखर चढते. घराण्यात मधुमेह असेल तर धोका अधिक.

‘आम्ही तर बारीक, आम्हाला काय होणार?’ असे आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जवळच्या गावांतली बाळे तपासली. वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त! म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरही मोजायची. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. मानेवर काळपट, जाडसर पट्टा आला तर मळ समजून घासत बसू नका. पेशी दाद देत नसल्याची ती खूण असू शकते.

मग करायचे काय? रोज अर्धा तास झपाझप चालायचे. राबणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. ताटात भात कमी, डाळ-उसळ आणि पालेभाजी जास्त. मशेरी सोडायची, सुजलेल्या हिरड्यांनीही साखर आटोक्यात राहत नाही. हळदीचे दूध खुशाल प्या, पण डॉक्टरांची गोळी बंद करू नका.

तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात साखर तपासून घ्या. उपाशीपोटी 100 च्या आत असेल तर ठीक. 100 ते 125 म्हणजे सावध व्हायची वेळ, अजून मागे फिरता येते. 126 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवाच.

गटाच्या पुढच्या बैठकीला शिवणकामाची टेप घेऊन या. बचतीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे कंबरेचे मापही लिहू. घरातल्या सगळ्यांचे करता करता आपले राहून जाते, ते आता राहू द्यायचे नाही.