निवडणुकीचे पंचांग आणि डिझेलचा भाव

(फोंडा महालातील एका देवळाच्या अग्रशाळेत शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढे एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला विषय दिला आहे तो ‘निवडणूक, अर्थकारण आणि जागतिक राजकारण’. विषय देणाऱ्यांनी मास्तराला तिन्ही लोक एका तासात फिरवून आणायला सांगितले आहे. मी तसे करणार नाही. मी एकच गोष्ट हातात घेणार आहे, ती म्हणजे डिझेलचा भाव. होडीच्या इंजिनात डिझेल जाते, नांगरणीच्या ट्रॅक्टरमध्ये जाते, मडगावच्या बाजारात मासळी नेणाऱ्या टेंपोत जाते, आणि घाटावरून कांदा-भाजी आणणाऱ्या ट्रकात तर जातेच. तेव्हा हा भाव कोण ठरवतो एवढे जरी आपल्याला नीट समजले, तरी विषयातले तिन्ही भाग आपोआप समजतील.

कागदावरचे उत्तर सोपे आहे. पेट्रोलवरचे सरकारी नियंत्रण २०१० च्या जूनमध्ये गेले, डिझेलवरचे २०१४ च्या ऑक्टोबरात. २०१७ च्या जूनपासून तर रोज सकाळी नवा भाव, अशी पद्धत आली. जगाच्या बाजारात कच्चे तेल महागले तर येथे महाग, तेथे उतरले तर येथे स्वस्त. सरकारचा संबंध नाही, असे आपल्याला सांगितले गेले. ठीक आहे. आता मी काही तारखा वाचतो. लहान मुलांना सनावळी पाठ करायला लावणारा माणूस मी, तेव्हा तारखांचा कंटाळा करू नका.

२०१८ साली कर्नाटकात १२ मे रोजी मतदान होते. त्याआधी २४ एप्रिलपासून रोज बदलणारा भाव एकाएकी बदलेनासा झाला. एकोणीस दिवस एक पैसा वर नाही, एक पैसा खाली नाही. मतदान झाले आणि १४ मेपासून भाव पुन्हा चालू लागला. जगातले तेल काय त्या एकोणीस दिवसांत झोपले होते?

पुढची गोष्ट आपल्या घरची. २०२१ च्या दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, केंद्राने अबकारी कर कमी केला, पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर १० रुपये. चांगले झाले, कोणी नको म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून भाव थिजला तो १३७ दिवस. कच्चे तेल तेव्हा पिंपामागे ८० डॉलरांच्या आसपास होते. फेब्रुवारीत उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड आणि मणिपूरबरोबर आपल्या गोव्याची निवडणूक आली. १४ फेब्रुवारी २०२२ ला आपण मते दिली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चाल केली, मार्चात तेल १२० डॉलरांच्या वर उसळले. तरी पंपावरचा आकडा हलला नाही. १० मार्चला निकाल लागला, आणि २२ मार्चला ८० पैशांची पहिली वाढ आली. ६ एप्रिलपर्यंत चौदा वेळा भाव चढला, एकूण लिटरमागे १० रुपये. दिवाळीत डिझेलवर जे दिले होते तेवढेच परत गेले. मे महिन्याच्या २१ तारखेला मात्र पुन्हा कर कमी करून डिझेलवर ६ रुपयांची सूट दिली, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोलतो असे म्हणाल.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे भाव हललाच नाही. आता येथे लक्ष द्या, कारण ही गोष्ट सरळ नाही. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे २०२२ च्या एप्रिल ते सप्टेंबरात, तिन्ही सरकारी तेल कंपन्या तोट्यात गेल्या, कारण बाहेर महाग आणि येथे स्वस्त. सरकारने त्यांना स्वयंपाकाच्या गॅसपायी २२ हजार कोटी दिले. पुढे वारे फिरले. युरोपने रशियाचे तेल घेणे कमी केले, रशियाने ते सवलतीने विकायला काढले आणि आपल्या देशाने ते घेतले. लढाईपूर्वी आपल्या आयातीत रशियाचे तेल शेकड्याला दोनही नव्हते, ते एक तृतीयांशाच्या पुढे गेले. घेतले ते योग्यच केले, असे माझे मत आहे. परक्याच्या भांडणात गरीब देशाने महाग तेल का घ्यावे? पण मग स्वस्त घेतलेले तेल पंपावर स्वस्त झाले का? नाही. २०२३-२४ या एका वर्षात त्या तीन कंपन्यांचा नफा ८० हजार कोटींहून अधिक झाला. भाव उतरला तो १५ मार्च २०२४ रोजी, २ रुपयांनी. दुसऱ्याच दिवशी, १६ मार्चला, लोकसभेच्या निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या.

आमच्या देवळात पुरोहित पंचांग पाहून मुहूर्त काढतो. तेल कंपन्यांचे पंचांग कोठे छापतात ते तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, मास्तर, निवडणुकीत भाव उतरतो तर बरेच की! दर वर्षी निवडणूक येऊ दे! थट्टा म्हणून ठीक आहे. पण खारवी बांधवांनी हिशेब करून पाहावा. तुम्ही डिझेल घेता तेव्हा भाव विकणारा ठरवतो. मासळी विकता तेव्हा भाव घेणारा ठरवतो. देवळात काल्याच्या दिवशी नारळ-केळीची पावणी होते तेथे निदान बोली वर चढते, धक्क्यावरच्या पावणीत बांगडा भरपूर आला की बोली खाली जाते. दोन्ही बाजूंचा भाव दुसऱ्याच्या हातात असलेला धंदा म्हणजे मासेमारी. शेतकऱ्याचे खत आणि भात यांचेही तेच. म्हणून भाव अमुक दिवशी दोन रुपये उतरला यापेक्षा तो कोणत्या नियमाने चढेल-उतरेल हे आधी ठाऊक असणे आपल्याला अधिक मोलाचे आहे. जाळे विणायला, इंजिन दुरुस्तीला कर्ज काढताना पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज लागतो. निकालानंतर महिन्याच्या आत दहा रुपये चढणारा भाव त्या अंदाजाला पाण्यात बुडवतो.

आता घाटावर चला. डिझेलमध्ये झाले तेच कांद्यात झाले, पण उलट्या बाजूने. कांदा पिकवणारा एक आणि खाणारे शंभर. १९८० च्या जानेवारीत दिल्लीची गादी पालटली त्या निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा होता, तेव्हापासून दिल्लीला कांद्याची धास्ती. २०२३ च्या ऑगस्टात कांदा-निर्यातीवर ४० टक्के कर बसला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात सरळ बंदच केली. नाशिककडचा शेतकरी बांगलादेशात, मलेशियात, आखातात कांदा पाठवून चार पैसे मिळवतो, ते दार लागले. २०२४ च्या एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टन निर्यातीची मोकळीक मिळाली आणि नाशिकच्या लाल कांद्याला नाही, तेव्हा तिकडे जो संताप झाला तो वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल. ४ मेला बंदी उठली, पण ४० टक्के कर आणि ५५० डॉलर किमान भाव ठेवूनच. २० मेला त्या भागात मतदान झाले आणि दिंडोरीहून केंद्रातल्या एक राज्यमंत्री पडल्या. मग १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान भाव काढला, कर निम्म्यावर आणला. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. उरलेला कर १ एप्रिल २०२५ ला गेला.

येथे विलीनीकरणाचा विषय आपसूक येतो, आणि या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे तो टाळणे बरे नव्हे. १६ जानेवारी १९६७ ला आपल्या वडीलधाऱ्यांनी फूल आणि दोन पाने यांतून निवड केली. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. कौल लागला, १९८७ च्या ३० मे रोजी घटक राज्यही झाले. मी फुलाच्या बाजूच्या घरातला. आजही माझे म्हणणे तेच आहे, आणि त्यातला एक भाग निव्वळ हिशेबाचा आहे. लोकसभेत गोव्याच्या जागा दोन, महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस. दिल्लीत डिझेलचा, खताचा, निर्यातीचा निर्णय होतो तेव्हा दोन माणसांचा आवाज कितीसा जाणार?

पण कांद्याची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. अठ्ठेचाळीस जागा असूनही नाशिकच्या शेतकऱ्याला बंदी उठायला पाच महिने वाट पाहावी लागली. जागा हातात असणे आणि त्या जागांवरचे लोक एका मागणीला धरून राहणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपले विरोधक दुसरी एक बाजू मांडतात, तीही ऐकून घेतली पाहिजे. गोव्यात चाळीस आमदार, एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. महाराष्ट्रात एका आमदारामागे तीन लाखांच्या वर. आपला आमदार बाजारात भेटतो, तिकडचा भेटत नाही, असे ते म्हणतात. बाजारात भेटतो हे खरे. त्या भेटीत आपण त्याला काय विचारतो, हा माझा प्रश्न आहे. रस्त्याचा दिवा, मुलाची नोकरी, आणि फार झाले तर देवळाच्या सभामंडपाला देणगी.

आमदाराला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. घटनेप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, त्यापलीकडची केंद्राच्या. १९७६ च्या कायद्याने देशाचा हक्क दोनशे मैलांपर्यंत गेला. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि रापणकारांनी किनाऱ्याजवळचे पाच किलोमीटर आम्हाला राखून ठेवा म्हणून जो लढा दिला, त्यातून १९८० चा सागरी मासेमारी कायदा निघाला. हिंदू खारवी आणि ख्रिस्ती रापणकार तेव्हा एकत्र होते, हे विसरू नका. महाराष्ट्राचा तसाच कायदा १९८१ चा. एकच समुद्र, एकच बांगडा, तेरेखोलच्या मुखाशी कायदा बदलतो. मालवण-वेंगुर्ल्याचा रापणकार बाहेरच्या ट्रॉलरविषयी जे गाऱ्हाणे सांगतो तेच आपला सांगतो. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, पण रात्री समुद्रावर तो उजेड ओळखायला तुम्हाला मास्तराची गरज नाही. विलीनीकरण होवो न होवो, या दोन किनाऱ्यांच्या मच्छीमारांनी एका कागदावर सही करायला कोणाची आडकाठी आहे?

आता थोडे जगाविषयी बोलतो. वेळ थोडा उरला आहे म्हणून दोनच गोष्टी.

जून २०२२ मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत मासेमारीच्या सरकारी मदतीवर करार झाला. बेकायदा मासेमारीला आणि फार उपसलेल्या मासळीला मदत द्यायची नाही, असे त्यात ठरले. हा करार १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. खरा वादाचा भाग म्हणजे बेसुमार मासेमारी वाढवणारी मदत, त्यात इंधनाची मदतही येते. तो तेव्हा सुटला नाही आणि २०२४ मध्ये अबू धाबीलाही सुटला नाही. भारताने तेथे मांडले की दूरच्या समुद्रांत मोठी जहाजे पाठवणाऱ्या श्रीमंत देशांनी आपली मदत आधी आवरावी, आणि आमच्यासारख्यांना पंचवीस वर्षांची मुदत द्यावी. ही भूमिका मला पटते. पण घरात एक प्रश्न उरतो. मदत लहान मच्छीमाराच्या नावाने मागायची, आणि डिझेलवरची सूट मात्र अधिक डिझेल जाळणाऱ्याला अधिक मिळायची. रापणीला डिझेल किती लागते? लहान होडीला किती, आणि ट्रॉलरला किती? जिनिव्हात आपल्या नावाने भांडणाऱ्याला हे विचारायचा हक्क आपला आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. भारतातली कोळंबी सर्वांत जास्त अमेरिका घेते. २०२५ च्या २७ ऑगस्टपासून तिने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, त्यातला निम्मा आपण रशियाचे तेल घेतो म्हणून दंड. पुढे दर बदलत गेले. पण गंमत पाहा. ज्या स्वस्त तेलाचा फायदा आपल्या पंपावर पोहोचला नाही, त्याचा दंड कोळंबीवाल्याच्या दारात मात्र पोहोचला. आंध्रच्या तळ्यांतली कोळंबी बाहेर न जाता देशातल्या बाजारात उतरू लागली, की आपल्या सुंगटांच्या भावावर तिची सावली पडतेच.

यापुढे मत मागायला जो कोणी वाड्यावर येईल, कोणत्याही चिन्हाचा असो, त्याला बसायला पाट द्या, पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा. निवडणुकीच्या काळात डिझेलचा भाव थांबवला तर निकालानंतर तो कोणत्या नियमाने चढेल, हे तुमचा पक्ष आधी लिहून देईल का? मच्छीमाराची इंधनाची मदत लिटरांवर न देता माणसांवर द्यायला तुमची तयारी आहे का? आणि सिंधुदुर्ग व गोवा यांच्या किनाऱ्यावर ट्रॉलरची हद्द एकच असावी, गस्त एकत्र असावी, म्हणून तुम्ही विधानसभेत खासगी ठराव कोणत्या अधिवेशनात आणाल? उत्तर तोंडी देईल तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. वही नसली तर माझ्याकडे शाळेच्या कोऱ्या वह्या आहेत, जाताना प्रत्येक वाड्याने एक घेऊन जावी.