एक आकडा बदलला तर...

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली, पर्जन्यमापकाचे आकडे वहीत उतरवणारी आणि त्यावरून पुलियाचे माप काढणारी आम्ही माणसे. म्हणून ‘कॉम्प्युटर म्हणतो, पृथ्वी तापणार’ असे ऐकले की आमचे पहिले म्हणणे असते : हिशेब दाखवा!

तो हिशेब 1967 सालचा आहे. जपानहून अमेरिकेत गेलेले स्युकुरो मनाबे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेचा एकच उभा स्तंभ कॉम्प्युटरवर मांडला, जमिनीपासून सुमारे 40 किलोमीटर उंच. प्रत्येक थरात उष्णता किती आली, किती गेली, याची जमाखर्चाची वहीच म्हणा ना! मग त्यांनी एक आकडा बदलला. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत 300 धरला होता, तो 600 केला. सूर्य तोच ठेवला.

हवेतली वाफ आहे तेवढीच धरली, तेव्हा जमिनीजवळचे तापमान 1.33 अंशांनी वाढले. पण तापलेली हवा जास्त वाफ धरते, दर अंशाला सुमारे 7 टक्के. तशी ती वाढू दिली, तर वाढ 2.36 अंश झाली. कारण वाफही उष्णता अडवते.

हे आपल्या इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात दिवसभर कितीही तापले तरी कोरड्या हवेतून उष्णता निघून जाते आणि रात्री गच्चीवर बरे वाटते. शब-ए-मालवाची ख्याती उगाच नाही! श्रावणातल्या दमट, ढगाळ दिवसांत मात्र दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरकच पडत नाही.

आमच्या ओळखीचे एक काका नेहमी विचारतात, “अहो, सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून?” प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याच वहीत आहे. सूर्य तापला असता तर वरचे-खालचे सगळेच थर तापले असते. मनाबेंच्या हिशेबात मात्र खालची हवा तापली आणि वरचे स्थितांबर गार झाले, कारण तिथला कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात सोडतो. पुढे उपग्रहांनी मोजले, तेव्हा नेमके असेच आढळले. ओझोन घटल्याचाही त्यात वाटा आहे. पण सूर्यावर ठपका ठेवता येत नाही. मनाबेंना 2021 साली भौतिकशास्त्राच्या नोबेलचा मान मिळाला.

मंडळी, मनाबेंनी तो आकडा वहीत बदलला होता. खऱ्या आकाशात तो आपण सगळे मिळून बदलतो आहोत; आज तो 420 च्या वर गेला आहे. आमचे तक्ते जुन्या पावसाचे आहेत. उद्याच्या पुलियाचे माप केवळ कालच्या पावसावरून काढून भागणार नाही, एवढे आम्ही या हिशेबातून शिकलो.



गणपती बाप्पा मोरया!